पहिल्या वर्षासाठी एकच पेलेट: नव्या एअर रायफल नेमबाजाने छर्रे कसे निवडावेत

आमच्या क्लबात दर उन्हाळी सुट्टीत नवी मुले येतात, आणि त्यांच्यापैकी एखादा तरी पहिल्याच आठवड्यात मोबाइलवर परदेशातला व्हिडिओ दाखवून विचारतो, "सर, घरी काडतुसे भरायला सगळ्यात चांगली पावडर कोणती?" व्हिडिओतला माणूस स्वयंपाकघराच्या टेबलावर रिकामी काडतुसे मांडून त्यांत दारू मोजून भरत असतो, आणि एकच पावडर पिस्तुलालाही चालावी, रायफललाही चालावी, अशी त्याची खटपट चाललेली असते. त्याच्या देशात तो छंद असेल. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, आणि त्या कायद्यातल्या दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसांचे सुटे भाग व ते बनवण्याची यंत्रेही येतात. त्यामुळे "मी फक्त यंत्र आणून ठेवले आहे" हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. स्फोटके आणि पेट्रोलियम यांच्या सुरक्षेवर देशभर देखरेख ठेवणाऱ्या पेसो या केंद्रीय यंत्रणेचे मुख्यालय आपल्याच नागपुरात, सेमिनरी हिल्सवर आहे, ही गोष्ट मी मुलांना मुद्दाम सांगतो. शिवाय क्लबात जी पॉइंट टू टू रायफल चालते तिच्या काडतुसाचा पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत भरलेला असतो, पिन त्या कडेवरच आपटते, आणि असे काडतूस एकदा वाजले की पुन्हा भरता येत नाही. म्हणजे पावडरीचा प्रश्न नागपुरातल्या नव्या नेमबाजापुढे येतच नाही.

त्याच जातीचा दुसरा प्रश्न मात्र पहिल्या दिवसापासून येतो, आणि त्यात पैसेही जातात: एअर रायफलसाठी कोणता पेलेट घ्यावा, आणि सगळ्या सरावाला पुरेल असा एकच पेलेट असतो का? माझे उत्तर असे आहे की पहिल्या वर्षापुरता असतो, आणि तो ओळखणे अवघड नाही. त्यानंतर मात्र निवड तुमच्या हातात राहत नाही, ती तुमच्या बॅरलच्या हातात जाते.

आधी बंदुकीची कायदेशीर बाजू थोडक्यात. ज्या एअर गनच्या नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरहून अधिक नाही आणि जिची ऊर्जा २० ज्यूलच्या आत आहे, तिला २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. स्पर्धेची १० मीटरची रायफल या मर्यादेच्या खूप खाली असते: ०.५३ ग्रॅमचा पेलेट सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो असे धरले, तर ऊर्जा साडेसात ज्यूलच्या जवळपास भरते. परवाना लागत नाही याचा अर्थ गच्चीवरून कबुतरांवर आणि पोपटांवर नेम धरावा असा होत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चा आहे आणि तो एअर गनला वेगळी सवलत देत नाही. बंदूक घेताना दुकानदार ओळखीची व पत्त्याची कागदपत्रे मागेल, ती द्यावीत, पक्के बिल घ्यावे आणि त्याची प्रत बंदुकीच्या पेटीतच ठेवावी.

आता पेलेट हातात घ्या. नुसत्या डोळ्यांनी तो शिशाचा लहानसा डमरू दिसतो. पुढे डोके, मध्ये बारीक कंबर आणि मागे आतून पोकळ असलेला घेर, असे त्याचे तीन भाग असतात. डोके बॅरलच्या आट्यांवर, म्हणजे नळीच्या आतल्या पिळदार रेघांवर, टेकून सरळ चालते. मागचा पातळ घेर हवेच्या दाबाने किंचित फुलतो, नळीला घट्ट बसतो आणि हवा निसटू देत नाही. वजन पुढे आणि पोकळी मागे असल्यामुळे तो हवेत तोंड पुढे करूनच जातो. या तीन भागांपैकी घेर सर्वांत नाजूक असतो, आणि नव्या माणसाचे बहुतेक विचित्र शॉट घेर चेपल्यामुळेच जातात.

निवडीची पहिली पायरी डोक्याच्या आकाराची. बाजारात चपट्या, गोल, टोकदार आणि खळगा असलेल्या डोक्यांचे पेलेट मिळतात. तुम्ही १० मीटरवर कागदी टार्गेटवर नेम धरणार असाल तर फक्त चपटे डोके घ्यावे. बाकीच्या तिन्हींचा विचारच करू नये. चपटे डोके कागदातून पंचिंग मशीनने पाडल्यासारखे स्वच्छ, गोल छिद्र पाडते. गोल किंवा टोकदार डोके कागद फाडत जाते, छिद्राच्या कडा आत वळतात आणि ते असते त्यापेक्षा लहान दिसते, त्यामुळे रेषेला स्पर्श झाला की नाही यावर वाद होतो. टोकदार पेलेट जास्त अचूक असतो हा समज मी शाळकरी मुलांकडून आणि त्यांच्या वडिलांकडूनही ऐकला आहे. बाणाचे टोक डोळ्यांसमोर असल्यामुळे तो होत असावा. प्रत्यक्षात ते बारीक टोक प्रत्येक नगात बरोबर मध्यावर येणे कारखान्यालाही कठीण जाते.

दुसरी पायरी वजनाची. स्पर्धेच्या पेलेटची दोन वजने सर्रास मिळतात: रायफलसाठी ०.५३ ग्रॅमच्या आसपासचा, म्हणजे सुमारे ८.२ ग्रेन, आणि पिस्तुलासाठी ०.४५ ते ०.४९ ग्रॅमचा, म्हणजे सात ग्रेन किंवा किंचित अधिक. डब्यावर अनेकदा रायफल किंवा पिस्तूल असे छापलेलेच असते. पिस्तुलाचा दाब कमी असतो, म्हणून हलका पेलेट त्याच्या नळीतून लवकर बाहेर पडतो, आणि तेवढ्या वेळात हात हलण्याची संधी कमी होते. दोन्ही शस्त्रांना एकच डबा वापरायचा असेल, जसे भावाबहिणीत एकाकडे रायफल आणि दुसऱ्याकडे पिस्तूल असते तेव्हा होते, तर हलका पेलेट रायफलमध्येही बहुधा व्यवस्थित चालतो. क्लबची बंदूक स्प्रिंगची, म्हणजे नळी खाली वाकवून भरायची असेल, तर फार हलके मिश्रधातूचे छर्रे तिच्यात घालू नयेत. पुढे पुरेसा अडथळा नसला की पिस्टन जोरात आपटतो आणि तिचे आयुष्य कमी होते. फार जड छर्राही तिला मानवत नाही. सात ते सव्वाआठ ग्रेनचा साधा शिशाचा पेलेट तिला पुरतो.

तिसरी पायरी डोक्याच्या मापाची, आणि इथेच नवा माणूस गोंधळतो. डब्यावर ४.४९, ४.५०, ४.५१ अशी मापे छापलेली असतात. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय बिघडणार, असे वाटते. पण अंगठ्याला हा फरक कळतो. पेलेट नळीच्या तोंडाशी ठेवून हलके दाबावा. तो आपोआप आत घरंगळला तर डोके लहान आहे. ढकलायला जोर लावावा लागला आणि घेर चेपला गेला तर मोठे आहे. किंचित अडून मऊपणे बसला तर माप जुळले. पहिल्या वर्षासाठी ४.५० घ्यावे, कारण ते बहुतेक नळ्यांना चालते आणि दुकानात तेच सहज मिळते.

तर चपट्या डोक्याचा, ४.५० मापाचा, रायफलसाठी सुमारे ०.५३ ग्रॅमचा आणि एखाद्या मान्यवर कंपनीच्या मधल्या किमतीचा पेलेट, एवढे ठरले. जर्मनीच्या आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक प्रजासत्ताकाची जेएसबी ही नावे तुम्हाला प्रत्येक रेंजवर ऐकू येतील, आणि तिघांच्याही स्पर्धा-पेलेटवर मोठ्या स्पर्धा जिंकल्या गेल्या आहेत. यांपैकी जो डबा नागपुरात तुम्हाला वर्षभर सलग मिळण्याची शक्यता अधिक, तो तुमचा. मुंबईहून एकदा मागवलेला अप्रतिम डबा संपल्यावर तीन महिने दुसरा मिळाला नाही, तर त्या अप्रतिमपणाचा काही उपयोग नाही.

मधल्या किमतीचा का, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. १० मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर व्यासाचा असतो. पण पेलेटची कड त्याला लागली तरी दहा गुण मिळतात, म्हणून पेलेटचा मध्य केंद्रापासून अडीच मिलिमीटरच्या आत असेल तर दहा मिळतो. आता समजा नव्या नेमबाजाचा उभ्याने मारलेला ग्रुप, म्हणजे एकाच नेमाने मारलेल्या शॉटच्या छिद्रांचा पसारा, ३० मिलिमीटरचा आहे, आणि बंदूक टेकवून मारल्यास एक पेलेट ५ मिलिमीटरचा व दुसरा ७ मिलिमीटरचा ग्रुप देतो. माणसाची चूक आणि पेलेटची चूक यांची सरळ बेरीज होत नाही, वर्गांची होते: तीसचा वर्ग नऊशे, त्यात पाचचा वर्ग मिळवून वर्गमूळ काढले तर ३०.४ येते, सातचा वर्ग मिळवला तर ३०.८. महागड्या डब्याने तुमचे ०.४ मिलिमीटर वाचवले, आणि तेही तुमच्या श्वासात कुठे हरवले ते कळणार नाही. तुमचा उभ्याचा ग्रुप १२ मिलिमीटरवर आला की हाच फरक १३ आणि १३.९ असा होतो, म्हणजे जवळजवळ एक मिलिमीटर. आणि रायफलमध्ये गुण दशांशात मोजतात, जिथे पाव मिलिमीटरला ०.१ गुण जातो. महागडा पेलेट तेव्हा घ्यावा. पिस्तूलवाल्यांनी याहून निश्चिंत राहावे. त्यांचा दहा साडेअकरा मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पेलेटची जाडी धरून केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत दहा मिळतो. त्यांना पहिल्या दोन वर्षांत पेलेट नव्हे, ट्रिगर अडवतो.

मी स्वतः हे हिशेबाने शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात एका राष्ट्रीय खेळाडूने जो डबा वापरला असे ऐकले, तोच डबा दोन महिन्यांचा खिसा रिकामा करून आणला, आणि माझा ग्रुप आधीपेक्षा मोठा आला. डबा उत्तम होता, त्याच्या बॅरलला. माझ्या बॅरलला नव्हता. शिवाय विक्रेत्याकडे तो बहुधा कधीतरी खाली पडलेला असावा, कारण त्यातले बरेच घेर चेपलेले होते, आणि ते मी पाहिलेच नाही.

म्हणून डबा उघडल्यावर करायची तपासणी इथे सविस्तर सांगतो. टेबलावर काच किंवा गुळगुळीत सनमायका घ्या, खिडकीतून तिरपा उजेड येऊ द्या, आणि वीसेक पेलेट हळूच ओता. एकेक आडवा करून बोटाने ढकला. डोके आणि घेर यांचा व्यास थोडा वेगळा असल्यामुळे चांगला पेलेट सरळ न जाता एका बाजूला वळत, शांतपणे वर्तुळाकार घरंगळतो. घेर चेपलेला पेलेट लंगडतो, टकटक करतो आणि मध्येच थांबतो. मग उभा करून मागून आत डोकवा: पोकळीत शिशाचा तुकडा किंवा चुरा अडकला असेल तर तोही बाजूला काढा. वीसात एक-दोन निघाले तर हरकत नाही, ते ट्रिगर सरावासाठी वेगळे ठेवा. पाच-सहा निघाले तर डबा परत न्या. डब्यात फोमचा गोल तुकडा असतो, तो फेकू नका. गाडीच्या डिकीत डबा खडखडत नेला की चांगले पेलेटही एकमेकांवर आपटून लंगडे होतात, आणि आपल्या रस्त्यांवर त्याला फार वेळ लागत नाही.

नागपूरचे हवामान या बाबतीत दोनदा त्रास देते. पावसाळ्यात दमट हवेत शिशावर पांढरट भुकटी धरते. असे पेलेट वापरू नयेत, त्यांच्याशी बोटांनी खेळूही नये. डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून झाकण घट्ट लावले, तर ही वेळ येत नाही. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की प्रश्न पेलेटचा नसतो, रायफलच्या सिलिंडरचा असतो. त्यात सुमारे २०० बार दाबाची हवा असते, आणि दुपारी उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ती रायफल ठेवणे हा निष्काळजीपणा आहे. उन्हाळ्यातली आणखी एक गंमत म्हणजे कूलर. खसाच्या पडद्यांचा कूलर हॉलच्या टोकाला धडाडत असतो आणि मुले तक्रार करतात की आज पेलेट उडतोय. पेलेट उडत नसतो, कागदाचे टार्गेट हलत असते. टार्गेटमागे जाड पुठ्ठा लावावा आणि चाचणीच्या वेळी कूलर सरळ बंद करावा.

ही चाचणी म्हणजे चौथी पायरी, आणि ती वर्षभराने, तुमचा उभ्याचा ग्रुप आवळला गेल्यावर करायची. पाच-सहा वेगवेगळे डबे विकत घेऊ नका. क्लबातल्या ज्येष्ठ नेमबाजांकडे जा, प्रत्येक जण त्याच्या डब्यातले पन्नास पेलेट आनंदाने देतो, आणि बदल्यात दहा मिनिटे सल्लाही देतो, जो ऐकून घ्यावा. टेबलावर वाळूच्या पिशव्या रचून रायफल त्यांच्यावर टेकवावी. एका पेलेटवरून दुसऱ्यावर जाताना पहिले पंधरा शॉट मोजू नयेत, कारण नळीत आधीच्या पेलेटच्या शिशाचा पातळ थर असतो आणि नव्याला आपला थर बसवायला तेवढा वेळ लागतो. त्यानंतर दहा-दहा शॉटचे तीन ग्रुप मारावेत, प्रत्येक वेगळ्या टार्गेटवर. तीन शॉटचा ग्रुप फसवा असतो: नशिबाने तीनही एकाच छिद्रातून गेले की माणूस तो कागद पाकिटात घालून वर्षभर मिरवतो. दुसऱ्या पेलेटचा मार थोडा वर किंवा खाली गेला तर घाबरू नये, साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या दर्शकाच्या, क्लिकने तो दुरुस्त होतो. बघायचा तो फक्त छिद्रांचा पसारा.

मोजण्याची रीत सोपी आहे. व्हर्निअर कॅलिपरने सर्वांत दूरच्या दोन छिद्रांच्या बाहेरच्या कडांमधले अंतर घ्यावे आणि त्यातून ४.५ वजा करावे. समजा बाहेरून बाहेर ९.३ मिलिमीटर आले, तर मध्यापासून मध्यापर्यंत ४.८ झाले. दहा शॉटचा असा ग्रुप पाच मिलिमीटरच्या आत बसत असेल, तर तो साइट नीट लावल्यावर दहाच्या मर्यादेत जवळजवळ पूर्ण मावतो. तीन ग्रुपची सरासरी लिहावी आणि त्यातला सर्वांत वाईट ग्रुपही लिहावा. माझा कल सर्वांत वाईट ग्रुप सर्वांत लहान असलेल्या पेलेटकडे असतो. स्पर्धेत साठ शॉट असतात, आणि शेवटी आठवतो तो भरकटलेला एकच.

पेलेट ठरला की त्याच छापाचा नव्हे, त्याच लॉटचा, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेला, साठा घ्यावा. डब्याच्या तळाशी किंवा लेबलवर लॉट क्रमांक असतो, आणि नाव तेच असले तरी साच्यांची झीज, यंत्राची जुळवणी यांमुळे दोन लॉट वेगळे वागू शकतात. किती घ्यावा याचाही हिशेब मांडता येतो: एका सरावात सुमारे ८० शॉट, आठवड्यातून तीन सराव, म्हणजे २४० पेलेट, ५०० चा डबा दोन आठवडे पुरतो, आणि सहा महिन्यांना बारा ते तेरा डबे लागतात. दुकानदाराला तेवढे डबे एकाच लॉटचे आहेत का ते मोजून दाखवायला सांगावे. तो कुरकुर करील, पण दाखवील.

शिशाबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक पालकाला स्वतंत्रपणे सांगतो. शिसे शरीरात साठते आणि वाढत्या वयाच्या मुलांना त्याचा अपाय मोठ्यांपेक्षा जास्त होतो. घाईच्या वेळी पेलेट ओठांत धरण्याची सवय काही मुलांना लागते, ती पहिल्याच दिवशी मोडावी. सकाळचा सराव संपला की सगळी टोळी थेट तर्री-पोह्यांच्या गाडीवर धावते. गाडीवर जाण्याआधी साबणाने, नखांत बोटे फिरवून, हात धुतल्याशिवाय आमच्याकडे कोणालाही गेटबाहेर सोडत नाहीत. पेलेट ट्रॅप, म्हणजे टार्गेटमागे छर्रे अडवणारी पेटी, साफ करताना झाडू मारू नये, कारण धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसावे आणि जमलेले शिसे भंगारवाल्याला द्यावे, कचऱ्यात टाकू नये.

चाचणीतून बाद झालेले पेलेट आणि लंगडे म्हणून वेगळे काढलेले नग एका जुन्या डब्यात ठेवून त्यावर तारीख व 'फक्त ट्रिगर सराव' असे मार्करने लिहावे. पुढच्या सुट्टीत नवी तुकडी येते तेव्हा तिचे पहिले दोन आठवडे कोऱ्या पुठ्ठ्यावर, टार्गेटशिवाय, याच डब्यातून जातात.